हाताला कळलेली खोट

बाळासोंनी जन्मभर मेंढरं राखली. गाडीतलं त्यांना फार काही कळत नसे. त्यामुळे मैंदर्गीच्या अलीकडं उतारावर सोनालीनं एकाएकी व्हॅन कडेला घेऊन थांबवली, तेव्हा त्यांना वाटलं, चाक पंक्चर झालं असेल.

"काय झालं गं?"

"मामा, गाडी माझं ऐकंना झालीया."

सोनाली ही त्यांची धाकटी सून. नवरा, बिरुदेव, मेंढरं घेऊन लांबच्या रानात गेला की लवकर परतत नसे. मग घरी बसून काय करायचं, म्हणून तिनं गाडी शिकून घेतली होती आणि ही जुनी व्हॅन घेऊन वस्तीवरची पोरं ती अक्कलकोटच्या शाळेला न्यायची-आणायची. आज रविवार होता. दोघं कोकरांना पेंड आणायला निघाली होती.

"स्टेरिंग वळवलं की गाडी जराशी उशिरानं वळतीया," ती म्हणाली, "आन् ब्रेक दाबला की आपसूक डावीकडं सरकतीया."

बाळासो शेजारीच बसले होते, पण त्यांना तसलं काही जाणवलं नव्हतं. रस्ता तर नेहमीसारखाच खडबडीत होता.

संध्याकाळी सोनालीनं घरोघरी जाऊन सांगितलं, "उद्यापासनं गाडी बंद. नीट हुईस्तोवर पोरं न्हेणार न्हाय."

शेजारच्या महिपतीच्या दोन नाती रोज त्या गाडीनं जायच्या. तो वैतागला. "काल तर झ्याक पळत हुती की! जुन्या गाडीला एवढं-तेवढं असायचंच."

"असंल काका. पर त्यात तुमच्या नाती बसत्यात."

महिपती घुश्शातच निघून गेला. खरं सांगायचं तर बाळासोंनाही आतून वाटत होतं, की पोरगी जरा जास्तच करतीय.

मैंदर्गीच्या गॅरेजवाल्यानं टायर पुढचे मागं केले, हवा मारली आणि म्हणाला, झालं. अक्कलकोटात यंत्रावर चाकं सरळ करून दिली. परत येताना सोनाली अर्ध्या वाटेवरच म्हणाली, "न्हाय मामा, हाय तसंच हाय." इकडं पोरांना एसटीनं जावं लागत होतं. त्यांना बसमध्ये बसवायला सोनाली रोज सकाळी स्वतः फाट्यावर जायची. एसटी कधी भरलेली यायची, कधी यायचीच नाही. वस्तीवर कुजबुज वाढली. सासूबाईंनी, म्हाळसाबाईंनी, एकदा विषय काढलाच.

"लोकं नावं ठेवाय लागल्यात, बाई."

"ठेवू द्या आत्या. पोरं धड हायेत न्हवं, बास."

ती हे रागानं म्हणाली नव्हती. पातेल्यातलं दूध उतू जाऊ नये म्हणून त्यावर नजर ठेवत, सहज म्हणाली होती. बाळासो ओसरीवरून ऐकत होते. त्या दिवसापासून त्यांनी मनात तिला नावं ठेवणं बंद केलं.

शेवटी कुणीतरी सोलापूरच्या शिवकुमारचं नाव सुचवलं. अक्कलकोट रोडला त्याचं गॅरेज होतं आणि जुन्या गाड्यांच्या स्टेअरिंगचं काम तो मन लावून करायचा. गाडी हळूहळू चालवत दोघं तिथं पोचली. सोनालीनं सगळं सांगितलं. शिवकुमारनं मध्ये न बोलता ऐकून घेतलं, गाडी जॅकवर उचलली आणि पुढचं एकेक चाक दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिलं. खाली सरपटत जाऊन सांधे ताणून पाहिले. सगळं घट्ट.

"काहीच लागत नाही की ताई."

सोनालीनं किल्ली पुढं केली. म्हणाली, "दादा, तुमी एक डाव चालवून बघा. मंग तुमी काय म्हनशीला ते ऐकते."

शिवकुमारनं किल्ली घेतली. एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर एक फेरी मारून तो परत आला, तेव्हा त्याच्या कपाळाला आठी होती.

"ताई, तुमचं बरोबर आहे. ब्रेकला सरकते. अगदी थोडं, पण सरकते. रोज चालवणाऱ्यालाच कळेल असलं हे."

त्यानं गाडी पुन्हा उचलली. पुन्हा सगळं घट्ट. तो चाकाजवळ उकिडवा बसून विचार करू लागला. बाळासो इतका वेळ बाजूच्या स्टुलावर होते. त्यांना राहवलं नाही.

"मी आडानी मानूस. पर मेंढरू लंगडतंय का, ते आमी त्याला उचलून बघत न्हाय. हातात धरलं की चारी पाय सारकंच दिसत्यात. भुईवर भार पडला की मंग कळतंय."

शिवकुमार हसला, आणि हसता हसता थांबला. "व्हय की ओ! चाकं हवेत असली की स्टेअरिंगला जोरच लागत नाही. जोर नसल्यावर ढिलं असलेलं हलंल कशाला?"

गाडी खाली उतरवून त्यानं ती खालून काम करायला खणलेल्या खड्ड्यावर घेतली. चाकं जमिनीवर टेकलेली. स्वतः बॅटरी पेटवून खड्ड्यात उतरला. "ताई, बसा. गाडी चालू करू नका. स्टेअरिंग थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं. सारखं करत राहा."

सोनाली हलवत राहिली. खाली शिवकुमार बॅटरीचा उजेड एकेका सांध्यावर फिरवत होता. मग एकदम, "थांबा! बाबा, तुम्ही या खाली."

बाळासो धोतर सावरत पायऱ्या उतरले. शिवकुमारनं बॅटरीचा उजेड एका आडव्या, जाड दांडीवर पाडला. "हिला रॅक म्हणतात. स्टेअरिंग हिला ओढतं, आणि ही चाकं वळवते. आता बघा. ताई, हलवा!"

बाळासोंनी पाहिलं. दांडी जिथं गाडीला आवळलेली होती, तिथून ती सगळीच्या सगळी आधी बोटभर सरकत होती, आणि मग कुठं चाकं वळत होती. शिवकुमारनं तारेच्या ब्रशनं माती खरवडली. रॅक ज्या पत्र्याला आवळली होती, त्याला लांब चीर गेली होती. कडेला गंज धरला होता, म्हणजे चीर जुनी होती आणि वाढत चालली होती.

"एखाद्या खड्ड्यात जोरात आदळली असती, तर तुटलं असतं. मग स्टेअरिंग हातात आणि गाडी भलतीकडं."

बाळासोंच्या डोळ्यांपुढं गाडीतल्या पोरांच्या वेण्या, डबे, खिडकीतून बाहेर काढलेले हात आले. ते वर आले तर सोनाली स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून तशीच बसली होती. तिनं खालचं सगळं ऐकलं होतं. डोळे भरले होते, पण ती म्हणाली एवढंच, "सापडलं म्हनायचं."

शिवकुमारनं जुना पत्रा कापून काढला, जाड पट्टी वेल्डिंगनं बसवली, रबर आणि बोल्ट नवे घातले. काम झाल्यावर सोनालीनं स्वतः खड्ड्यात उतरून पाहिलं आणि बाळासोंना स्टेअरिंग हलवायला लावलं. दांडी तसूभरही सरकली नाही. "असं गिऱ्हाईक रोज येत नाही," शिवकुमार बाळासोंना म्हणाला. "बाकीचे आवाज आला की रेडिओ मोठा करतात."

परतीच्या वाटेवर, त्या दिवशी गाडी थांबवली होती तिथंच, सोनालीनं मुद्दाम ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबली. तिनं सासऱ्यांकडं पाहिलं. बाळासोंनी मान डोलावली. सुनेचं तोंडावर कौतुक करायची त्यांच्या घरात रीत नव्हती.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं गाडीत चढत होती आणि महिपतीनं विचारलं, "काय निघालं मग?" तसे बाळासो सुरू झाले. गॅरेज, खड्डा, चीर, दांडी कशी सरकत होती ते हातवारे करून, सगळं. "दोन गॅरेजांत सापडलं न्हाय, पर आमच्या सोनालीच्या हाताला आदीच कळलं हुतं! मानसं म्हनाली काय न्हाय, तरी पोरगी हलली न्हाय..." महिपती तोंड उघडं टाकून ऐकत होता, म्हाळसाबाई चूल सोडून दारात आल्या होत्या.

सोनालीनं लाजून हॉर्न वाजवला. "मामा, शाळेची येळ झालीया!"

"जा की मग," बाळासो म्हणाले, आणि महिपतीला हाताला धरून त्यांनी ओट्यावर बसवलं. "तर काय झालं, बग..."