गळ्यात बांधलेला हात

सारी गल्ली तिला कात्रीताई म्हणायची. बायकांचे केस कापण्यात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं, आणि नेमका तोच हात गेला. सिग्नल पादचाऱ्यांचा होता, ती पट्ट्यांवरूनच चालत होती, आणि सामान पोचवणारी एक व्हॅन वळणावर न थांबता थेट तिच्या अंगावर आली. उजवं मनगट मोडलं, खांदा निखळला. ऑपरेशन झालं, हाड सांधलं, पण अंगठ्याची पकड काही परत आली नाही. कात्री धरली की थोड्याच वेळात बोटं बधिर व्हायची. एकदा गिऱ्हाइकाच्या मानेला कात्रीचं टोक लागलं, तेव्हा ती इतकी हादरली की तिने दुकान बंदच करून टाकलं.

नवरा पूर्वीच गेलेला. घरात ती आणि सासूबाई, दोघीच. नुकसानभरपाईचा दावा लावला तेव्हापासून दीर मात्र रोज येऊ लागले. भावजी कधी कोर्टाची पायरी चढले नव्हते, पण सल्ला द्यायचे तो न्यायाधीशाच्या थाटात.

“वहिनी, हात गळ्यातून काढायचा नाही. व्हॅनच्या विमा कंपनीची माणसं पाळत ठेवतात. साधी पिशवी उचलताना दिसलात, की संपलं सगळं.”

“पण डॉक्टर म्हणतात, गळ्यातली पट्टी काढा, हात हलवत राहा. नाही तर आखडेल.”

“मग घरात हलवा. पडदे ओढून.”

तिने पडदे ओढले. बोटांचे व्यायाम ती चोरी केल्यासारखे करू लागली. रस्त्यावर हात गळ्यात, चेहरा दुखरा. दुखणं खरंच होतं, पण ते दाखवायला लागल्यापासून तिचं तिलाच खोटं वाटू लागलं. दाराशी कुणी रेंगाळलं की ती पट्टी चाचपायची. समोर एक करडी गाडी वरचेवर उभी राहू लागली, तेव्हा तर तिची पाचावर धारण बसली.

“अगं, तो गाडीतला माणूस बेकरीकडे बघतोय,” सासूबाई म्हणाल्या. “भुकेला दिसतो बिचारा.”

तो बेकरीकडे बघत नव्हता. सासूबाईंना डोळे तपासायला न्यायचं होतं, त्या सकाळी इमारतीच्या पायऱ्या नुकत्याच पुसलेल्या होत्या. सासूबाईंचा पाय सटकला. कात्रीताईने विचार केलाच नाही. पट्टीतून उजवा हात बाहेर आला, त्याने म्हातारीचा दंड पकडला आणि तिला मागे खेचलं. मनगटातून खांद्यापर्यंत कळ गेली. ती मटकन पायरीवर बसली. मान वर केली, तर करड्या गाडीची काच खाली आणि खिडकीतून मोबाईल तिच्यावर रोखलेला.

“झालं!” संध्याकाळी भावजींनी कपाळ बडवलं. “आई वाचली, पण दावा मेला.”

“उलटं झालं असतं तर चाललं असतं का रे तुला?” सासूबाईंनी विचारलं.

दोनच दिवसांत कंपनीच्या माणसाचा फोन आला. बोलणं अगदी गोड. आमच्याकडे चित्रण आहे, बाई, कशाला फजिती करून घेता? थोडक्यात मिटवू, फक्त एक सही करा. भावजी म्हणाले, मिळतंय ते पदरात पाडून घ्या. शेवटी कात्रीताई दावा चालवणाऱ्या वकीलबाईंकडे गेली आणि पट्टीसकट सगळं सांगून मोकळी झाली.

वकीलबाईंनी समोरची फाईल मिटली.

“डॉक्टरांनी पट्टी काढायला सांगितली होती ना? मग घालता कशाला?”

“भावजी म्हणाले…”

“वकीलपत्र भावजींना दिलंय की मला?” बाई कडाडल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “नुकसानभरपाई लुळं दिसण्याबद्दल मिळत नसते. चूक त्या चालकाची होती. तुमचे उपचार झाले, धंदा गेला, पुढची कमाई घटली, दुखणं सोसलंत, त्याची भरपाई मागायचा तुमचा हक्क आहे. बरं झाल्याने हक्क जात नाही. खोटेपणाने जातो. आणि घाबरून सही केलीत, तर उद्या हात आणखी बिघडला तरी परत काही मागता येणार नाही.”

“कोर्टात पट्टीचं विचारलं तर?”

“विचारणारच. खरं सांगायचं.”

तिने सही केली नाही. पण सुनावणीपर्यंत जीव टांगणीलाच होता.

त्या दिवशी ती पट्टीशिवाय पिंजऱ्यात उभी राहिली. कंपनीच्या वकिलाने पडद्यावर चित्रण लावलं. हात पट्टीतून बाहेर येतो, म्हातारीला खेचतो. तिथेच त्याने ते थांबवलं.

“हा तुमचाच उजवा हात?”

“हो.”

“डॉक्टरांनी पट्टी सांगितली होती?”

तिने मागे वळून पाहिलं. मागच्या बाकावर भावजी मान हलवत होते, ती होकारार्थी की नकारार्थी, तेही कळेना.

“नाही. काढायला सांगितली होती. मी भीतीपोटी घालत होते.”

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली. “कसली भीती?”

“हात हलताना दिसला, तर तो दुखतो यावर कुणाचा विश्वास बसणार नाही.”

कोर्टात कुजबूज झाली. वकीलबाई उठल्या आणि म्हणाल्या, चित्रण पुढे चालवावं. ते पुढे सरकलं. पायरीवर बसलेली ती, मनगट पोटाशी धरलेलं, बोटं अर्धवट मुडपलेली. पडलेली पर्स उचलायला ती हात नेते, पर्स सुटते. पुन्हा नेते, पुन्हा सुटते. शेवटी सासूबाईच वाकून ती उचलतात. कंपनीचा वकील कागद चाळत राहिला.

निकाल लागला तो पुरता गोड नव्हता. चूक सर्वस्वी चालकाची ठरली. उपचार, बुडालेला धंदा, हाताचं कायमचं अधूपण, सगळं मान्य झालं. पण पट्टीच्या त्या नाटकाबद्दल न्यायाधीशांनी चार कडक वाक्यं लिहिली आणि मागणीला कात्री लावली. ती वाक्यं ऐकताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरीही छातीवरचं काहीतरी उतरलं.

नंतर अपिलाची धास्ती. मुदत सरेपर्यंत ती पोस्टमनलाही दचकायची. अखेर एका दुपारी वकीलबाईंचा फोन आला. अपील नाही, रक्कम जमा झाली.

“आता ते परत तर मागणार नाहीत ना?”

“नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

“म्हणजे अगदी…”

सासूबाईंनी तिच्या हातातून फोन काढून घेतला. “वकीलबाई, ही अशीच विचारत बसेल. तुम्ही ठेवा,” त्या म्हणाल्या आणि फोन बंद करून टाकला.