चौदा खिडक्यांचा बिल्ला

एकोणीसशे एकसष्ट साली भाची एकोणीस वर्षांची होती. मामाच्या दुकानात बसायला लागून तिला सहा वर्षं झाली होती. बसायला म्हणजे मागच्या टेबलाशी, बिनपाठीच्या स्टुलावर. पुढची हातांची खुर्ची मामाची. आईबाप गेल्यावर मामानं तिला घरी आणलं, आणि खायला घालतो त्याचं काम घेतलं पाहिजे, असं सगळ्यांदेखत सांगून आणलं.

दुकान जुन्या नाण्यांचं आणि पदकांचं, पण मामाचं नाव झालं होतं बिल्ल्यांमुळे. दोनशे वर्षांपूर्वी त्या गावात घराच्या खिडक्या मोजून कर घेत. सहा खिडक्या माफ. सातवीपासून पट्टी. ती भरली की खिडक्यांचा आकडा ठोकलेला तांब्याचा बिल्ला मिळे. तो रस्त्याकडच्या भिंतीवर खिळ्यानं मारायचा, म्हणजे मोजणाऱ्यांना लांबून दिसे. गरिबांनी खिडक्या विटा लावून बुजवल्या आणि अंधारात राहिले. पैसेवाल्यांनी दोन-चार जास्तच पाडून घेतल्या. पुढे पट्टी उठली तेव्हा सरकारनं बिल्ले गोळा करून वितळवले. सात, आठ, नऊ हे आकडे अधूनमधून मिळत. चौदाचा मात्र एकच माहीत होता, आणि तो मामाकडे, निळ्या मखमलीच्या डबीत.

जुन्या बिल्ल्यांना गिऱ्हाईक आलं तसे नकलीही निघाले. ते ओळखायला मामानं भाचीला शिकवलं, पण त्याची शिकवायची तऱ्हा त्याच्यासारखीच होती. दहा खऱ्यांत एक खोटा मिसळायचा. तिचं चुकलं की तो खोटा बिल्ला दोऱ्यात ओवून दिवसभर तिच्या गळ्यात. गिऱ्हाईक विचारायचं, "हे काय?" मामा म्हणायचा, "आमच्या घुबडाची पदवी." मोठ्या डोळ्यांमुळे आणि भिंगावरून मान न हलवण्यामुळे तिला घुबड म्हणायचे. सहा वर्षांत चार पदव्या झाल्या. सतराव्या वर्षानंतर एकही नाही.

एका सोमवारी पट्टीसाहेब आले. हे नगरपालिकेच्या कर खात्यातले निवृत्त कारकून. साहेब कधीच नव्हते, गावानं थट्टेत केलेले. बायको गेलेली, मूलबाळ नाही. चाळीस वर्षं लोकांच्या दारावर नोटिसा चिकटवल्यामुळे ओळखीचेही फारसे नव्हते. मामा बाहेर गेला होता. त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्यातून कागद, कागदातून बिल्ला. चौदाचा.

"जुन्या गल्लीतलं घर पाडलं ना, त्याच्या तुळईमागे सापडला," ते म्हणाले. "मला विकायचा नाहीये, पोरी. संग्रहालयाला द्यायचाय. खाली फक्त चिठ्ठी लागली पाहिजे, अमक्याकडून म्हणून. आत्तापर्यंत माझं नाव लोकांनी नोटिशीखालीच वाचलंय."

संग्रहालयाच्या बाई मामाच्या शब्दाशिवाय काही घेत नसत. त्या गुरुवारी दुकानात येणार होत्या.

भाचीनं बिल्ला भिंगाखाली धरला. पुढची बाजू उन्हापावसानं खाल्लेली, मागची जवळजवळ कोरी. खिळ्याच्या भोकाभोवती गोल कडं, खिळ्याच्या डोक्याखाली झाकून राहिलेलं, म्हणून तिथलं तांबं गुळगुळीत. आणि भोकाच्या आत, खिळा उपसताना ओरखडा गेला होता तिथे, आरपार लालसर तांबं. खोट्या बिल्ल्यात आत शिसं-जस्त असतं आणि वर मुलामा. तो असा ओरखडला की करडं दिसतं. इथे करड्याचा ठिपका नव्हता. तिला आनंदानं घाम फुटला. मग सवयीनं तिनं मोजमाप घेतलं आणि वहीत लिहिलं.

संध्याकाळी मामा हात धूत असताना तिनं सांगून टाकलं. "मामा, पट्टीसाहेबांचा चौदाचा बघितला. अस्सल आहे. फक्त आपल्यापेक्षा केसभर मोठा आहे."

मामानं नळ बंद केला. "केसभर म्हणजे?"

"अर्धा मिलिमीटर. सगळीकडून सारखा."

"आणखी कुणाला बोललीस?"

"नाही."

"मग बोलू नकोस. मोजायचं तू, सांगायचं दुकानानं." टॉवेलला हात पुसत तो म्हणाला, "गुरुवारी पुढे बस, माझ्या शेजारी."

त्या एका वाक्यावर ती तीन दिवस तरंगत होती. साच्यात ओतलेलं तांबं निवताना आकसतं, म्हणून खऱ्यावरून केलेली नक्कल केसभर लहान भरते, हे तिला मामानंच शिकवलेलं. पण घरातल्या घड्याळावर कोण संशय घेतं? आपल्यालाच उशीर झाला असं वाटतं.

गुरुवारी बाई आल्या, पट्टीसाहेब इस्त्रीचा कोट घालून आले. मामानं बिल्ला हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"छान आहे. फारच छान केलाय."

"केलाय म्हणजे?" पट्टीसाहेबांनी विचारलं.

"साहेब, तुम्ही आयुष्यभर खरे कर वसूल केलेत. खोटं कसं असतं हे तुम्हाला कसं कळावं? आत शिसं, वर मुलामा."

"वजन करा."

"वजन जुळवतात हो."

"दगडावर टाकून आवाज ऐका."

"आवाजही जुळवतात. फार पुढे गेलेत लोक." मामा बाईंकडे वळला. "बाई, तुम्ही घ्या ना. यांनी प्रेमानं आणलाय. चिठ्ठीवर लिहा, अस्सल असल्याची खात्री नाही, आणि खाली यांचं नाव घाला. त्यांची तेवढीच इच्छा आहे."

बाई हसू दाबत घड्याळाकडे बघायला लागल्या. पट्टीसाहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"माझ्या नावावर असं लिहिणार?"

"नको तर घरी ठेवा. नातवंडांना दाखवा."

मूलबाळ नाही हे मामाला गावाइतकंच ठाऊक होतं.

"आतून बघितल्याशिवाय कळणारच नाही, असं म्हणता ना?" पट्टीसाहेब उठून उभे राहिले. "मग बघा आतून. कात्री आणा पत्र्याची."

"मी म्हटलं नाही हं तसं. बाई साक्षीला आहेत."

"अहो, कशाला..." बाई म्हणाल्या, पण जागेवरून हलल्या नाहीत.

"कात्री दे गं, घुबडे. पाहुण्यांनी मागितलंय."

भाचीनं खण उघडला. पट्टीसाहेब तिच्याकडे वळले. "पोरी, तू भिंगातून बघितलंयस. तुला काय वाटतं?"

भोकात बघा, एवढेच दोन शब्द होते. कापायची गरजच नव्हती. तिनं मान वर केली तर मामा तिच्याकडेच बघत होता, अगदी निवांत. "बोल की," तो म्हणाला. "मोजमाप फार नीट करते हो आमची पोर." तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख पडलं. हा खरा म्हटला की दोन चौदा शेजारी ठेवणार, आणि शेजारी ठेवले की लहान कोणता ते आंधळ्यालाही दिसणार. मामाला भोक दिसलं होतं. त्याला सगळं दिसलं होतं, आणि ते तिनंच सोमवारी त्याच्या हातात नेऊन दिलं होतं.

रात्रीचं ताट कुणाच्या घरी आहे, हेही तिला त्याच क्षणी आठवलं.

"मामांना जास्त कळतं," ती म्हणाली आणि कात्री पुढे केली.

पट्टीसाहेबांना जमेना. म्हातारे हात. दोनदा कात्री निसटली. तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी दाबली तेव्हा बिल्ल्याचे दोन तुकडे काचेवर पडले. कापलेली कड या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल होती.

मामानं एक तुकडा उचलला, चष्मा कपाळावर सारला. "अस्सल होता की," तो हळू आवाजात म्हणाला. "माफी मागतो, साहेब. असा सुंदर नमुना मी उभ्या जन्मात पाहिला नाही."

"खरा आहे ना? मग घ्या बाई," पट्टीसाहेब म्हणाले.

"आता कसा घेऊ?" बाई म्हणाल्या. "ताजा कापलेला आहे. तुकडे आम्ही मांडत नाही."

पट्टीसाहेबांनी दोन्ही तुकडे जुळवून धरले. कात्रीनं कडा वाकल्या होत्या, नीट बसेनात. थोडा वेळ ते तसंच करत राहिले, मग रुमालात बांधून निघाले. भाची दारापर्यंत गेली. का गेली, तिलाही सांगता आलं नसतं.

"तुला कळलं होतं का गं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कधी?"

"सोमवारीच."

खिडकीपलीकडून कारकून मान हलवतात तशी त्यांनी मान हलवली. "बरं झालं सांगितलंस. मामाच्या हाताखाली चांगली तयार झालीस."

आत मामा बाईंसाठी चहा सांगत होता. "काय म्हणाले?" त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि तिलाच पाणी आणावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून ती पुढे बसायला लागली.

पट्टीसाहेब त्यानंतर सात वर्षं जगले. त्या रस्त्यानं पुन्हा कधी आले नाहीत. ते गेल्यावर घरमालकानं खोली रिकामी केली आणि रुमालातले तुकडे पातेल्यांबरोबर भंगारवाल्याला तांब्याच्या भावात दिले. बाई मोठ्या जागेवर बदलून गेल्या. हौशी लोक कसे हट्टी असतात याचा मासला म्हणून जेवणाच्या टेबलावर त्या ही गोष्ट सांगत, आणि लोक हसत.

मामा त्या गुरुवारनंतर अकरा वर्षांनी झोपेतच गेला, काहीही न भोगता. त्याचा चौदाचा बिल्ला मामीनं संग्रहालयाला दिला. काचेखाली चिठ्ठी लागली: एकमेव ज्ञात नमुना. खाली मामाचं नाव. कपाट बदललं तेव्हा फेरतपासणीला भाचीलाच बोलावलं होतं. तोवर तिच्या शब्दाला मामापेक्षाही जास्त मान आला होता. तिनं बिल्ला मोजला, नेहमीइतकाच भरला, आणि अस्सल म्हणून सही केली. शेजारी ठेवून दाखवायला दुसरा कुठे होता?

तिनं लग्न केलं नाही. दुकान तीस वर्षं चालवलं आणि डोळे अधू झाल्यावर विकलं. आता दोन खिडक्यांच्या खोलीत एकटी असते. अजून कुणी काही घेऊन आलं तर बोटांनी चाचपून खरं-खोटं सांगते, आणि सहसा चुकत नाही.