महाराजांचा हात आणि सर्व्हरचा लाल दिवा

दुपारी तीन वाजता आम्ही बावीस इंजिनिअर चपला-बूट काढून एका यंत्रापुढे उभे होतो. सांगतानाही किळस येते.

यंत्र म्हणजे आमचा बिल्ड सर्व्हर. आम्ही लिहिलेला प्रोग्राम तो आपोआप बांधायचा आणि भांडारात पाठवायचा. तिथून ग्राहक तो उतरवून घेत. भांडार माझ्या ताब्यात. बांधणी नीट व्हायची, पाठवताना मात्र लाल दिवा लागायचा. मग ऑफिसातल्या सर्वांत जुन्या इंजिनिअरला बोलावणं जायचं. सगळे त्यांना महाराज म्हणत, आणि त्यांना ते गोड लागे.

"यंत्रालाही मन असतं, बाळांनो," महाराज डोळे मिटून म्हणाले. "त्याला माणसाची कंपनं कळतात. पाच मिनिटं एकांत द्या."

आम्ही बाहेर गेलो. परत आलो तर दिवा हिरवा! साहेबांनी चक्क हात जोडले.

"पण हल्ली सारखंच अडतंय हो, महाराज."

महाराजांनी नव्या टेस्टर बाईंकडे पाहिलं. "ही आल्यापासून. मी काय बोलणार? काहींचे पायच पांढरे."

बाईंची तीन महिन्यांची मुदत त्याच दिवशी संपत होती. "संध्याकाळी पत्र देतो," साहेब त्यांची नजर चुकवत म्हणाले. कालपर्यंत बाईंच्या डब्यात हात घालणारे दोन पावलं मागे सरकले. त्यांत मीही होतो.

"जाते," बाई म्हणाल्या. "एकदा मला पाठवू द्या."

त्यांनी बटण दाबलं. दिवा लाल.

"बघा!" महाराज उद्गारले.

"बघतेच आहे. ही शेवटची ओळ कुणी कधी वाचलीय का?" पडद्यावर लिहिलं होतं: नाव आणि पासवर्ड मिळाला नाही, प्रवेश नाकारला.

कुणीच वाचली नव्हती. लाल दिवा लागला की महाराजांना बोलवायचं, एवढीच आमची कामाची पद्धत!

बाईंनी सेटिंगमधल्या बदलांची नोंद उघडली. तीन वाजून चार मिनिटं: पासवर्ड भरला. तीन वाजून आठ मिनिटं: पासवर्ड पुसला. दोन्हींपुढे महाराजांचं नाव. मागे तीन वर्षं हेच.

"सुरक्षेसाठी पुसतो," महाराज पुटपुटले.

"मग सर्व्हरसाठी भांडारात वेगळं खातं का नाही मागितलंत?"

मागतील कसे? दुकान बंद झालं असतं ना!

ते खातं मी दहा मिनिटांत उघडलं, फक्त पाठवण्यापुरतं. बाईंनी त्याचा पासवर्ड सर्व्हरच्या कुलूपबंद कप्प्यात ठेवला आणि बटण दाबलं. हिरवा. पुन्हा दाबलं. पुन्हा हिरवा. महाराज तोवर सटकले होते. मला त्यांची शिसारी आलीच, पण स्वतःची जास्त आली. तीन वर्षं ती दहा मिनिटं माझ्याच हातात होती.

"तुम्ही कायम झालात, बाई!" साहेब म्हणाले. टाळ्या पडल्या.

"टाळ्या राहू द्या," बाई म्हणाल्या. "इतके शिकलेले तुम्ही. माझे पाय पांढरे म्हटल्यावर 'कशावरून?' एवढं एकाने तरी विचारायचं होतं."

आम्ही माना खाली घातल्या. खाली आमचेच अनवाणी पाय होते.