पडद्यावरचं आभाळ

नाटकांचे पडदे रंगवण्यात माझी तीस वर्षं गेली. माझ्या आभाळाला कुणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत. आणि त्या दिवशी नाट्यगृहाचा मॅनेजर सरळ तोंडावर म्हणाला, "मावशी, हे आभाळ नाही, वाळत घातलेली चादर वाटते. उद्या दुपारपर्यंत नीट झालं नाही, तर यापुढे आम्ही एलईडी स्क्रीन लावणार. पडदे बंद."

म्हणजे माझी कार्यशाळाच बंद. रंगवलेले पडदे घेणारं ते एकच नाट्यगृह उरलं होतं. तो गेल्यावर मी ब्रश बादलीत आपटला.

सूनबाई शाळेत विज्ञान शिकवते. ती डबा द्यायला आली होती. पडद्याकडे बघून म्हणाली, "आई, चिडू नका, पण ते बरोबर बोलले."

"आता तूही शिकव मला!"

"शिकवतेच. चला गच्चीवर."

गच्चीवर तिनं कागदाची नळी करून माझ्या हातात दिली. डोक्यावर बघितलं, गडद निळं. नळी खाली आणत गेले तसा निळा फिका होत गेला, आणि लांबच्या छपरांपाशी तर जवळजवळ पांढरा.

"धूर असेल," मी म्हटलं.

"थोडा असेलही. पण उन्हात सगळेच रंग असतात. हवेचे बारीक कण त्यातला निळा जास्त विखुरतात, लाल कमी. म्हणून आभाळ निळं. खाली बघताना मध्ये कितीतरी जास्त हवा येते. तिथे प्रकाश पुन्हा पुन्हा विखुरतो, सगळे रंग मिसळतात आणि पांढरट दिसतं."

अगं बाई! मी आजवर जुन्या पडद्यांवरचं आभाळ बघून नवं रंगवत आले होते. मान वर करून खऱ्याकडे कधी बघितलंच नव्हतं. खोटं कशाला बोलू, लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तिनं सुट्टी टाकली. पडदा जमिनीवर पसरला, ती रंग कालवायची, मी वरून खाली ब्रश ओढायचे. खालच्या काठाशी पोचलो आणि तिचा धीर सुटला.

"आई, अजून निळंच दिसतंय! पांढरा घालते."

मी तिचं मनगट धरलं. "खबरदार! आपला रंग सरसाच्या गोंदात कालवलेला. ओला गडद दिसतो, वाळला की उजळतो. आत्ता पांढरा घातलास तर दुपारी नुसती पांढरी भिंत होईल."

तिनं पांढरा रंग बाजूला ठेवला. पंखे लावून आम्ही डबा खाल्ला. रंग हळूहळू उजळला, अगदी गच्चीवरून दिसला होता तसा.

दुपारी पडदा नाट्यगृहात नेला आणि मॅनेजर आला. पडदा वर चढवला. तो शेवटच्या रांगेतून बघत बघत पुढे आला, रंगमंचावर चढला आणि त्यानं कापडाला हात लावून बघितलं.

"केवढं लांब गेलंय हो हे आभाळ! मावशी, स्क्रीन राहू दे. पुढच्या नाटकाला मावळतीचं आभाळ लागेल. जमेल?"

माझ्या कामात माझ्याआधी कुणी बोललेलं मी आजवर चालवून घेतलं नव्हतं. त्या दिवशी मात्र म्हटलं, "तिला विचारा. माझी सून आहे. हे आभाळ तिनं शोधलंय."

सूनबाईनं ओढणीला हात पुसले. "जमेल. पण ते लाल का होतं, हे आधी सांगते."

मी मॅनेजरला एक खुर्ची दिली आणि दुसरी ओढून स्वतः ऐकायला बसले.