भिंतीचं गोडं पाणी

"चावी टाका, अलीचाचा! गनीच्या डोळ्यात चुना गेलाय!" इद्रीस लोखंडी टाकीच्या कुलपावर लाथा घालत ओरडत होता.

मुकादम अलीमियाँ सावलीतून उठला, तोही सावकाश. "ते गोडं पाणी भिंतीचं आहे रे. पाण्याची गाढवं आता सांजेलाच येणार. खाडीवर ने त्याला, यल्ला, निघ!"

खाडी काय उशाला होती? बर दुबईच्या गल्ल्यांतून इद्रीसने धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला हाताला धरून पळवलं. गनी वाटभर "भाईजान, जळतंय" एवढंच म्हणत होता. खाडीचं खारं पाणी भरपूर मारलं, पण वरातीमागून घोडं! उजवा डोळा पांढरा पडला, डाव्यालाही अंधुकच दिसू लागलं. हकिमाने पापणी उचलून पाहिली आणि म्हणाला, "खलास."

इद्रीस रत्नागिरीकडचा गवंडी. तिकडे शिंपले भाजून चुना करतात. इथे रास अल खैमाच्या डोंगरातला चुनखडक भट्टीत भाजतात. तो फोडला की आतही शिंपलेच निघत. कुठल्या तरी जुन्या समुद्राचा तळ, साचून साचून दगड झालेला. भिंतीचा दगडही समुद्रातलाच, प्रवाळाचा. पण कळीचा चुना विरवायला गोडंच पाणी हवं, खाऱ्याने गिलाव्याचे पोपडे सुटतात. कबूल! म्हणून माणसाचा डोळा जाळायचा? आणि हाच अलीमियाँ निघताना बंदरावर इद्रीसच्या बहिणीला, बिलकीसला, म्हणाला होता, "पोरासारखा सांभाळीन तुझ्या नवऱ्याला." मेल्याची जीभ कशी झडली नाही!

आठवड्याने गनी डोळ्याला फडकं बांधून कामावर आला. अलीमियाँने टाकीची चावी त्याच्याच हातात ठेवली. "तू आता भिंतीला पाणी मार. हलकं काम दिलंय. दुवा दे मला."

इद्रीसच्या अंगाची लाही लाही झाली. "लाज कशी वाटत नाही हो तुम्हाला? एकाच गावचं पाणी प्यालोय आपण!"

"आवाज खाली! नाहीतर दोघांनाही पुढच्या बोटीने परत पाठवीन."

"भाईजान, राहू द्या," गनी म्हणाला.

त्याने कुलूप काढलं, डबा भरला आणि भिंत हाताने चाचपत पाणी मारू लागला.

"इथे भिजली?"

"भिजली," इद्रीस म्हणाला.

डबा रिकामा झाल्यावर गनी टाकीपाशी परत गेला. कुलूप आणि चावी, दोन्ही त्याने उकळत्या चुन्याच्या हौदात टाकली.

"अरे हरामखोरा!" अलीमियाँ धावला.

गनीने वळूनही पाहिलं नाही. उघड्या टाकीतून त्याने डबा भरून घेतला आणि भिंतीकडे गेला.