अंगावर सुमन, पोटात इंदू

मी एक जुनी पत्र्याची नळी आहे. लांबी हातभर, जाडी मनगटाएवढी, एका टोकाला झाकण आणि झाकणाला छोटी कडी. रंग हिरवा होता, पण आता मला पाहिलंत तर तुम्हाला ते पटायचं नाही. मित्रांनो, नळी म्हटलं की तुम्हाला चुलीजवळची फुंकणी आठवेल. पाहुणेही मला फुंकणीच समजायचे आणि मला त्याचा फार राग यायचा. माझा जन्म विस्तव फुलवायला झाला नव्हता. मला समुद्रापार जायचं होतं. गेले मात्र मी पुण्यापर्यंत, तेही पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी रिकाम्या पोटी परत आले.

१९५६ सालच्या उन्हाळ्यात चिंचवडच्या चांदभाईंनी मला घडवलं. घासलेटचे डबे कापून ते चिमण्या, नरसाळी, गाळण्या करायचे. पलीकडे पिंपरीत औषधांचा कारखाना उभा राहिला होता. कामगारांच्या खोल्यांना चिमण्या पुरवता पुरवता चांदभाईंना मान वर करायला फुरसत नसायची. तरी शाळेतल्या सुमनताई आल्या तेव्हा त्यांनी हातोडी खाली ठेवली, कारण त्यांची मुलगी सलिमा सुमनताईंच्याच वर्गात शिकत होती.

"कागद कुठाय बाई? मापाला लागंल."

"कागद अजून यायचाय, चांदभाई. हातभर धरा."

"म्हंजे पोराच्या आधी पाळणा!" चांदभाई हसले. पण पदवीचा कागद बोटीने आफ्रिकेला न्यायचा आहे असं कळल्यावर त्यांनी मला आतूनसुद्धा रंग दिला. दर्याची हवा पत्रा खाते, असं त्यांचं म्हणणं होतं. वरून पांढऱ्या अक्षरांत त्यांनी नाव घातलं, सौ. सुमन हिंदुराव शेलार. तेव्हा मला कोण अभिमान वाटला होता!

पूर्व आफ्रिकेतल्या एका मुलींच्या शाळेला भूगोल शिकवायला बाई हव्या होत्या. सुमनताईंना तिथून पत्र आलं होतं. जागा त्यांचीच होती, फक्त दोन अटी होत्या. व्हिसासाठी बी.ए.ची मूळ पदवी दाखवायची आणि जानेवारीत शाळा उघडायच्या आत तिथे हजर व्हायचं. नाहीतर जागा दुसरीला जाणार होती. सुमनताई दोन वर्षं फळ्यावर महासागर काढून शिकवत होत्या आणि त्यांनी स्वतः समुद्र एकदाही पाहिला नव्हता. ही गोष्ट त्या कुणाला सांगत नसत. नकाशा गुंडाळून माझ्यात शिरतो का ते पाहताना एकदा स्वतःशीच पुटपुटल्या, म्हणून मला ठाऊक.

त्यांचे यजमान हिंदुराव कारकून होते. तेही बरोबर जाणार होते. "काय हिंदुराव, बायकोचा पदर धरून निघाला का राव?" असं कुणी चिडवलं की ते म्हणत, "धरतो की! आफ्रिकेपर्यंत पुरला म्हंजे झालं."

आता पदवीचं सांगते. परीक्षा दिली होती १९५४ साली. परीक्षा आणि निकाल यांच्या मधेच सुमनताईंचं लग्न झालं. पास झाल्याचं कळलं, पेढे वाटले गेले, पण पदवीचा कागद काही कुणी आणला नाही. तो अर्ज करून मागावा लागतो आणि तेव्हा गरज कुणाला होती? गरज पडली तेव्हा अर्ज भरायला त्यांचे सासरे बसले. दत्तोबा निवृत्त मास्तर होते, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी नाव लिहिलं, सुमन हिंदुराव शेलार.

पण मित्रांनो, परीक्षेला सुमन बसलीच नव्हती. बसली होती तळेगावची इंदू भिमाजी गराडे. आपल्याकडे लग्नात ताटभर तांदळांत नवरीचं नवं नाव अंगठीने रेखतात, पेढे वाटतात, आणि जुनं नाव माहेरी राहतं. सुमन हे नाव दत्तोबांनीच निवडलं होतं, त्यांना ते फार आवडायचं.

"मामंजी, परीक्षेला मी इंदू होते," सुमनताई हळूच म्हणाल्या.

"आता सुमन आहेस ना? नंबर बरोबर घातलाय, तेवढा पुरे," असं म्हणून दत्तोबांनी पाकीट चिकटवलं. त्या नव्या नावाखाली सुमनताईंनी सही केली होती. सासऱ्यांनी एवढ्या मायेने भरलेला अर्ज त्यांना फाडवेना. मला वाटतं, फाडायला हवा होता.

मी तेव्हा दाराजवळच्या खुंटीवर टांगलेली असायचे. श्रावणातली दुपार होती. सुमनताई शाळेत गेल्या होत्या आणि त्यांच्या सासूबाई, यशोदाबाई, उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडत होत्या. टपालवाले उद्धवराव पाकीट घेऊन आले.

"मावशी, इंदू भिमाजी गराडे हितं ऱ्हात्यात का?"

यशोदाबाईंनी खरोखर आठवून पाहिलं. त्यांना खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. दोन वर्षांत ते नाव त्यांच्या कानावर पडलंच नव्हतं.

"इंदू? न्हाई बाबा. हितं कोन इंदू न्हाई."

"पत्ता तर तुमचाच हाय."

"आसंल. पर बाई न्हाई आमच्यात आशी."

उद्धवरावांनी कानावरची पेन्सिल काढून पाकिटावर काहीतरी लिहिलं आणि सायकल वळवली. ते पाकीट विद्यापीठातून आलं होतं. मी हाताच्या अंतरावर होते. मला तोंड होतं, त्याला झाकणही होतं, पण आवाज नव्हता. त्या दुपारी मला पहिल्यांदा थकवा आला आणि तो अजून गेला नाही.

पुढे सुमनताईंच्या फेऱ्या सुरू झाल्या. शाळेतून अर्धी रजा काढायची, मला काखेत घ्यायचं, पुण्याला विद्यापीठात जायचं. दर वेळी एकच उत्तर मिळायचं, "पत्राने कळवू." गणपती गेले, नवरात्र गेलं. बाकावर बसून बसून त्यांना भिंतीवरच्या पालींची ओळख झाली असेल. दिवाळीनंतरच्या फेरीत आबाजी नावाच्या म्हाताऱ्या कारकुनाने शेवटी फाइल शोधली.

"नंबर एकीचा, नाव दुसरीचं. म्हणून नंबरावरच्या नावाने खुलाशाचं पत्र पाठवलं होतं बाई. ते परत आलं."

त्याने पाकीट पुढे सरकवलं. वर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'या नावाची बाई या घरी नाही.'

"पण मीच इंदू आहे," सुमनताई म्हणाल्या.

"असाल. पण तुमच्या घरचेच नाही म्हणतायत, मी काय करू?" आबाजी दुष्ट नव्हता, तोही दमलेलाच होता. "दोन्ही नावं एकीचीच असं प्रतिज्ञापत्र आणा. यंदाची यादी मात्र छापून गेली. आता पुढच्या पदवीदानाला."

सुमनताईंनी मला इतकं आवळून धरलं की माझ्या मधोमध पोचा पडला. तो अजून आहे. घरी आल्यावर त्यांनी ते पाकीट दत्तोबांसमोर ठेवलं. दत्तोबांनी ते वाचलं, मग यशोदाबाईंना वाचून दाखवलं. त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून दत्तोबा स्वतः कचेरीच्या रांगेत उभे राहिले. "चूक माझी आहे, साहेब," असं ते शिपायालासुद्धा सांगत. प्रतिज्ञापत्र झालं, शिक्के बसले, पण डिसेंबर काही थांबला नाही. आफ्रिकेहून जानेवारीत पत्र आलं. जागा दुसऱ्या बाईंना दिली होती. सुमनताईंनी ते उभ्याउभ्याच वाचलं, घडी घातली आणि पोरांना भूगोल शिकवायला निघून गेल्या. त्या दिवशी त्या मला रडताना दिसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पदवी आली ती पुढच्या वर्षी. सुमनताईंनी ती गुंडाळून माझ्यात सरकवली. कागद माझ्याहून चार बोटं आखूड निघाला, त्यामुळे मला हलवलं की तो आत खडखडतो. तेव्हापासून माझ्या अंगावर सुमन आहे आणि पोटात इंदू.

यशोदाबाई शेजारीच उभ्या होत्या. "काय लिवलंय गं त्याच्यात?"

"इंदू भिमाजी गराडे."

"मीच न्हाई म्हनले तुला," यशोदाबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. "दारात आलीवतीस तू, आन् मी परत धाडलं." मग माझ्यावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "माजं बी म्हायेरी दुसरंच नाव व्हतं." एवढं म्हणून त्या आठवत राहिल्या. कितीतरी वेळ आठवत राहिल्या. ते नाव काय होतं ते मला अजूनही कळलेलं नाही.

१९५८ साली यशोदाबाईंच्या धाकट्या मुलाचं, चिमाजीचं, लग्न झालं. अंगणात मांडव होता, माझी खुंटी दाराशीच, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. ताटात तांदूळ पसरले होते. दत्तोबांनी नव्या सुनेसाठी नाव काढून ठेवलं होतं. चिमाजीने अंगठी तांदळांना टेकवली, तोच यशोदाबाई पुढे आल्या आणि भर मांडवात त्यांनी त्याचा हात धरला.

"आदी तिला इचारा."

कुणी बाई तोंडाला पदर लावून हसली. नवरीने मान आणखीच खाली घातली. सुमनताई तिच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "सांग गं. काय लिहायचं?"

"छबू," नवरी म्हणाली. "हाय तेच असू द्या."

दत्तोबांनी हातातली चिठ्ठी खिशात ठेवली. चिमाजीने तांदळांत लिहिलं, छबू. सुमनताई बराच वेळ त्या ताटाकडे पाहत होत्या.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, माझा गंज काढा, असलं काही मी मागत नाही. माझं आयुष्य खुंटीवरच सरलं, समुद्र मीही पाहिला नाही. माझं मागणं एवढंच आहे की कुणाचं नाव कागदावर घालायच्या आधी त्या माणसाला एकदा विचारा. आणि दारात कुणी अनोळखी नाव पुकारत आलं, तर नाही म्हणायच्या आधी मागे वळून घरात बघा. ती आतच असेल.