उसना हात

मिर्ताने दोन्ही हात वर केले, तेव्हा मी वाळवणखोलीच्या काचेला नाक लावून उभी होते.

खाली कणीक मळायच्या यंत्राभोवती आमची सभा भरली होती. खोलीतले पंखे असे घोंघावत होते की एक शब्द ऐकू येत नव्हता. पण दिसत सगळं होतं. अनिबाल पोत्यांच्या थप्पीवर चढून स्वतःच्या छातीकडे बोट दाखवत होता, म्हणजे त्याच्या नावाला हात मागत होता. आणि मिर्ताचे दोन हात वर गेले. एक तिचा. दुसरा माझा.

आमच्या पास्त्याच्या कारखान्याला मालक नाही. होता, आमचे पगार बुडवून पळाला. मग आम्ही कुलपं फोडून आत शिरलो आणि बाहेर पोलीस, आत आम्ही, असा रोसारिओ शहरातला अख्खा हिवाळा काढला. मिर्ता आणि मी एका घोंगडीत झोपायचो. फाटकावर पहाऱ्याला बसलेल्यांना सभेला येता येईना, तेव्हा मीच उठून म्हटलं होतं, "ज्याला जमत नाही त्यानं आपला हात कुणाला तरी उसना द्यावा. तो त्याच्या वतीनं वर करील." कागद नाही, सही नाही. नुसता शब्द.

पोलीस गेले, रिवाज राहिला. आता तो वाळवणखोलीत बसणाऱ्याला लागतो. पास्ता वाळत असताना ती खोली सोडता येत नाही. दार उघडून गार वारा आत आला की माल तडकतो, आणि माल सगळ्यांचा असतो.

अध्यक्ष दर दोन वर्षांनी बदलायचा, हेही तेव्हाच ठरलेलं. अनिबाल दोनदा होऊन गेला, तरी तिसऱ्यांदा उभा राहिला. बाहेरची माणसं पगारावर घ्यायची, राबवायची, पण सभेत त्यांना हात द्यायचा नाही, असं त्याच्या मनात होतं. मालक म्हणवून घ्यायची लाज वाटते म्हणून हा अध्यक्ष म्हणवून घेतो, असं मी त्याच्या तोंडावर म्हटलं आणि त्याच्याविरुद्ध उभी राहिले. त्याने काय केलं? सभेच्या दिवशी माझी पाळी वाळवणखोलीत लावली.

मी हसले. माझा हात मिर्ताकडे होता.

"जा वर निवांत, सुकडे," सकाळी मला ‘माते’चा, आमच्या कडू चहाचा, पेला देत ती म्हणाली. "तुझं पोरगं बाप्तिस्म्याला या हातांत धरलंय मी. तुझा हात काय जड आहे मला?"

पंधरा विरुद्ध बारा. मिर्ताचे दोन हात माझ्याकडे आले असते, तर चौदा-तेरा झाले असते. मी काचेवर बुक्क्या मारल्या. दोघा-तिघांनी वर पाहिलं. अनिबालने मला हात हलवून दाखवला, जणू मी त्याचं अभिनंदन करत होते.

माझा हात दाराच्या कडीवर होता. उघडायचं, जिना उतरायचा आणि ओरडायचं, तो हात माझा आहे, चोरलाय! मागे काठ्यांवर ओला पास्ता लटकत होता. सगळ्यांची मेहनत. त्या पंधरा जणांचीसुद्धा. कडीवर हात ठेवून मी स्वतःला ज्या शिव्या घातल्या, तशा पळून गेलेल्या मालकालाही घातल्या नव्हत्या. पण कडी काढली नाही. पाळी संपेपर्यंत तिथेच बसले.

मिर्ता नळावर कोपरापर्यंतचं पीठ धूत होती.

"का गं?"

"तो माझ्या पोरीला ऑफिसात घेतोय. टेबल, खुर्ची, पंखा. तू घेतली असतीस?"

"सभेनं घेतली असती तर."

"सभा, सभा! सभा भरेपर्यंत पोरगी म्हातारी व्हायची माझी."

"मग तुझा हात द्यायचास त्याला. माझा का दिलास?"

तिने नळ बंद केला. "त्यानं दोन मागितले, सुकडे."

अनिबालच्या खोलीचं दार आता लावलेलं असतं. मी ठोठावून आत गेले. ठोठावून! ज्या दाराचं कुलूप मी पहारीने फोडलं होतं!

"सभा पुन्हा भरव," मी म्हटलं.

"कशाला? रिवाज कुणाचा? तुझाच. विश्वास नसेल तर हात देऊ नका, हेही तूच म्हणाली होतीस."

"विश्वास होता."

"मग मिर्ताशी भांड बाई, माझ्याशी का? आणि उद्या उसना हात चालत नाही असं ठरलं, तर वाळवणखोलीत बसायला कोण तयार होईल? तूच सांग."

भडव्याचं बरोबर होतं. राग त्याचाच जास्त आला.

वसंतात त्याने बाहेरच्या माणसांचा ठराव आणला. त्या दिवशी वाळवणखोलीत म्हातारा रुफिनो बसणार होता, पोती उचलून वाकलेला आणि पक्का अनिबालचा माणूस. त्याने मला जिन्यातच गाठलं.

"नेली, माझा हात ने."

"डोकं फिरलं का म्हाताऱ्या? तुझ्या अनिबालला दे."

"अनिबाल माझा मित्र आहे." त्याने नाक शिंकरलं. "हात तुला देतोय. त्या दिवशी एवढं होऊनही तू दार उघडलं नाहीस. ठरावाच्या बाजूनं. माझे खांदे गेले, पोती उचलायला कुणीतरी पाहिजे."

"आणि मी उलटा वर केला तर?"

"तर केलास," म्हणाला आणि आत जाऊन त्याने दार ओढून घेतलं.

सभेत मी यंत्राला टेकून उभी राहिले. मिर्ता समोर होती. माझ्याकडे सोडून सगळीकडे बघत होती.

"बाजूनं?" अनिबालने विचारलं.

मी डावा हात वर केला.

"अरे वा! नेलीबाईंना अक्कल आली!" सगळे खो खो हसले.

"हा रुफिनोचा," मी म्हटलं. "माझा विरोधात पडेल. मोज."

हसणं थांबलं. अनिबाल बोटाने मोजू लागला. शेवटी माझ्या हातापाशी पोचला, "चौदा" म्हणून थबकला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला. माझ्या खांद्याला कळ लागली होती. दुसऱ्याची वस्तू होती. नीट, सरळ धरली.